टिळ्याचा मासा

डोहातले मासे संपवायचे आहेत, पण एकही मासा मारायचा नाही. नांदघोलच्या ग्रामसभेने एकमताने केलेला हा ठराव आमच्या संस्थेच्या संचालकांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "शेडगे, हे तुमचंच गाव ना?"

"हो सर."

"मग तुम्हीच बघा."

झालं. शिकण्यासाठी सोडलेल्या गावात मी अशी नोकरीच्या निमित्ताने परत आले.

नांदघोल समजायला आधी डोह समजायला हवा. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून ओझरी नावाची लहानशी नदी खाली येते, आमच्या गावाशी एका कड्यावर आपटते आणि वळते. त्या वळणावर वाघजाईचा डोह आहे. उन्हाळ्यात नदीत नुसते दगडगोटे उरतात, डोह मात्र आटत नाही. त्यात खडशी मासे राहतात, म्हणजे पुस्तकातले महाशीर. सोनेरी खवल्यांचे, काही तर पाचवीतल्या पोराएवढे लांब. ते देवीचे मासे. डोहात गळ नाही, जाळं नाही, औषध नाही, हा नियम कुणी केला हे कुणालाच माहीत नाही, पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. आसपासच्या नद्यांतली खडशी सुरुंग लावून लावून संपली. आमची या एका नियमावर तगली.

आणि त्याच नियमाने तिचा घात केला. शहरात घरोघरी काचेच्या टाक्या आहेत. त्यांच्या काचा साफ राहाव्यात म्हणून लोक सकर नावाचा मासा आणतात. आणताना तो बोटाएवढा असतो, काचेला तोंड चिकटवून शेवाळ खातो, मुलांना गंमत वाटते. मग तो वाढतो. वाढून हाताएवढा होतो, टाकीत मावेनासा होतो. मारायचं जिवावर येतं. अशा वेळी कुणाच्या तरी डोक्यात कल्पना आली की वाघजाईच्या डोहात सोडावा, तिथे त्याला कुणीच मारणार नाही. मग गाड्या येऊ लागल्या. नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, प्लास्टिकची पिशवी पाण्यात उलटी करायची. पुण्य पदरात आणि कटकट डोहात.

सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर खवल्यांऐवजी पत्र्यासारखी हाडाची कवचं, त्यामुळे त्याला खाणारं आपल्याकडे कुणी नाही. पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहतो. काठाच्या मातीत हातभर लांब बिळं करून अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात. आणि दगडावरचं शेवाळ खरवडताना दगडगोट्यांत घातलेली खडशीची अंडीही गिळून टाकतो. मी आले तेव्हा डोहात मोठ्या खडशी होत्या, मधल्या नव्हत्या, लहान तर नव्हत्याच. वरून बघणाऱ्याला डोह भरलेला दिसायचा. मला दिसत होतं ते म्हाताऱ्यांचं गाव.

"जाळं टाकता येत नाही, तर मग मी आणखी सकर सोडणार आहे," असं मी देवळातल्या तात्या गुरवांना सांगितलं, तेव्हा ते उदबत्ती लावता लावता थांबले.

"सानू, तुझं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"आहे तात्या. बसा. समजावते."

आणि समजावलं. या माशाचं पिल्लू मादी का नर हे माणसासारखंच ठरतं. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रं, नराकडे एक एक्स आणि एक वाय. आईकडून पिल्लाला एक्सच मिळतो. बापाकडून एक्स आला तर मादी, वाय आला तर नर. आमच्या प्रयोगशाळेने सकरच्या नर पिल्लांना खाद्यातून मादीचं संप्रेरक दिलं. ती अंगाने मादी झाली, अंडी घालू लागली, पण गुणसूत्रं नराचीच राहिली. त्यांचा साध्या नरांशी संकर केला की चारांतल्या एका पिल्लाला दोन्हीकडून वाय मिळतो. हा वाय-वाय नर. त्याला स्वतःला कसलंही औषध दिलेलं नसतं, पण त्याच्याकडे द्यायला एक्स नाहीच. कोणत्याही मादीशी त्याची जोडी जमली तरी झाडून सगळी पिल्लं नर. असे नर दर हंगामात सोडत राहिलं की डोहातल्या माद्या कमी कमी होत जातात. शेवटी नुसते नर उरतात आणि म्हातारे होऊन मरून जातात.

तात्यांनी उदबत्ती लावून देवीपुढे खोचली.

"म्हंजे पोरं देऊन देऊन वंश बुडवायचा," ते म्हणाले. "रगात न्हाय ना सांडत?"

"थेंब नाही."

"मग चालंल. देवीची काय हरकत नसंल."

पहिले मासे सोडायच्या दिवशी निम्मं गाव डोहावर लोटलं. बायकांनी माझ्या पाण्याच्या टाक्यांना हळदकुंकू लावलं. प्रत्येक माशाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप होती आणि दोन डोळ्यांच्या मधोमध सुईने भरलेला नारिंगी रंगाचा ठिपका. गढूळ पाण्यात नारिंगी रंग उठून दिसतो, एवढाच त्यामागचा विचार. माझी आई, शालन शेडगे, पहिल्या रांगेत उभी होती. तिने माशाच्या कपाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यास्नी निस्ती पोरंच व्हणार म्हनं?"

"नुसती पोरं."

"एक बी पोरगी न्हाय?"

"एकही नाही."

आईने माशाला हात जोडले. मला वाटलं, देवीच्या डोहासाठी जोडले.

पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. डोहावर आम्ही एक तरंगती पेटी ठेवली होती. पाण्यात माशांच्या अंगावरून सुटणारे डीएनएचे कण ती वाचायची आणि नर-मादीचं प्रमाण दर आठवड्याला माझ्या फोनवर पाठवायची. सकरच्या माद्यांची रेघ एकसारखी खाली येत होती. एके दिवशी सकाळी उथळ पाण्यात मला बोटभर लांबीची सोनेरी पिल्लं दिसली. खडशीची. मी ओल्या दगडावर चक्क नाचले, घसरून आपटले आणि आपटल्यावरही हसतच होते. कपडे धुणाऱ्या बायकांनी माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं.

मग रेघ थांबली. पुढच्या हंगामात ती वर चढू लागली.

मी पाण्याचे नमुने बदलले, पेटी बदलली, प्रयोगशाळेवर संशय घेतला, तिथल्या मुलांना नाही नाही ते बोलले. सोडलेले मासेच डोहात सापडत नव्हते. पुरात वाहून जावेत तर त्या वर्षी पूर आला नव्हता. डोहावर कॅमेरा लावावा म्हटलं तर तिथे बायका अंघोळ करतात, गावाने साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. ड्रोन उडवावा तर कड्यावर आग्या मोहळं लटकलेली.

त्याच दिवसांत एकदा दुपारी जेवायला घरी गेले. चिप वाचायची काठी खांद्याला होती, बंद करायची राहिली होती. परसात हात धुवायला वाकले आणि अळूच्या वाफ्यापाशी काठी वाजली. मला आधी खरंच वाटेना. काठी पुन्हा फिरवली, पुन्हा वाजली. हाताने माती उकरली तर सकरचं हाडाचं टाळकं निघालं, दोन डोळ्यांच्या मधोमध नारिंगी ठिपका तसाच.

ते टाळकं घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको मयूरी, पाचव्या महिन्याचं पोट सांभाळत लसूण सोलत होती.

"आई, हे काय आहे?"

आईने मान वर केली नाही. "मला काय ठावं? तुझंच कायतरी पडलं आसंल."

"मी खाल्लाय ताई," वहिनी म्हणाली. "रबरासारखा लागतो."

यावर आईने पिठाचे हात झटकले. "खाल्ला तर खाल्ला! सगळं गाव खातंय टिळ्याचा मासा. सुर्व्यांच्या सुनेला पोरगा झाला. तळ्याखालच्या मोहित्यांकडं झाला. देवीनं टिळा लावून धाडलाय, आन् आमच्याच घरात का नगं?"

"टिळा मी लावलाय आई! सुईने! पुण्यात बसून!"

"तुझ्या हातानं देवीनंच लावला म्हन की."

यावर काय बोलणार? मी तरी बोलले. माणसाचं मूल मुलगा का मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं, वहिनीने मासा खाल्ला तेव्हा दुसरा महिना चालू होता. आणि ठरवणारा असतो बापाचा वाय, म्हणजे दादाचा, ताटातल्या माशाचा नव्हे. माशाची गुणसूत्रं पोटात इतर जेवणासारखीच पचून जातात. कोंबडी खाल्ली म्हणून कुणी अंडी घालत नाही. आई ऐकत होती, पण तिचा चेहरा बंद दारासारखा होता.

"मग त्या सुर्वेबाईला कसा झाला?" एवढंच तिने विचारलं.

मी काठी घेऊन गावभर फिरले. ती सुर्व्यांच्या परड्यात वाजली, मोहित्यांच्या उकिरड्यावर वाजली, मास्तरांच्या केळीखाली वाजली, सरपंचांच्या नव्या बंगल्यामागेही वाजली. ज्या नियमावर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जगलं तो नियम गावाने मोडला होता, आणि कशासाठी? आमच्या तालुक्यात लग्नाला मुली मिळत नाहीत. दादासाठी मुलगी बघता बघता आमच्या चपला झिजल्या, अखेर वहिनी पार वाशीमहून आणली. शाळेत एका वर्गात मुलींचं बाक एकच. आमच्या गावात कुणी वाय-वाय मासा सोडायची गरजच नव्हती. माद्यांची रेघ आम्ही स्वतःच खाली आणली होती, आणि तरी भूक भागली नव्हती. त्या दिवशी मला माझ्या गावाची अशी चीड आली की बॅग भरून निघून जावंसं वाटलं.

पण डोहात बोटभर खडशी होत्या. प्रयोगशाळेतली पैदास संपत आली होती, चैत्रातली यात्रा झाल्यावर एकच शेवटची मोठी खेप सोडायची होती. ती कालवणात गेली तर सकर पुन्हा डोह भरून टाकणार आणि म्हाताऱ्या खडशी एकेक करून मरणार, मागे काहीही न ठेवता. मला ती खेप वाचवायची होती. बस्स.

उपाय तात्या गुरवांनी सुचवला. आमच्या घरी, ओसरीवर, चहा पिता पिता.

"तू उगं शास्त्र सांगत बसतीयास. निस्तं येवढंच म्हन, ह्या माशानं वंश बुडतो. गावासमोर म्हन. खोटं हाय का? तूच मला सांगितलंवतं."

खोटं नव्हतंच ते. त्याचसाठी तर मासा बनवला होता. फक्त 'माशाचा' हा एक शब्द गिळायचा होता. एका वाक्यात डोह सुटत होता, कुणी त्या माशाला काठीनेसुद्धा शिवलं नसतं. मला मोह झाला. चांगलाच झाला. तोंडापर्यंत 'बरं' आलं होतं.

"आणि मी?" वहिनी दारात उभी होती. "माझं काय करणार मग?"

तात्यांनी कप खाली ठेवला.

"वंश बुडवणारा मासा खाल्लेली बाई म्हणतील मला. पोटातल्याचं काय म्हणतील? कुणीतरी म्हणेलच, वेळेत काढून टाका. काऊन, नाही म्हणणार? सासूबाईच म्हणतील, आणि माझ्या काळजीनेच म्हणतील."

तिचं बरोबर होतं. गावात अशा किती बायका होत्या हे मला काठीने दाखवलंच होतं. भीती सोडायची म्हणजे आणखी एक परका मासा सोडायचा, आणि तो कुठे शिरेल, काय गिळेल, हे कुणाच्याच हातात राहत नाही. मी तात्यांना सांगितलं, "नाही. सांगायचं तर सगळं सांगायचं."

"सगळं कोन ऐकतंय?" तात्या म्हणाले आणि उठून गेले.

वहिनी माझ्याजवळ बसली. मी तिला मनातली खरी अडचण सांगितली. शंभर बायकांनी मासा खाल्ला, नाहीतर दगड चाटला, तरी त्यांतल्या साधारण निम्म्यांना मुलगे होणारच. ज्यांना झाले त्या पेढे वाटतात, हळूच माशाचं नाव घेतात. ज्यांना मुली झाल्या त्या मासा खाल्ल्याचं तोंडातून काढत नाहीत. त्यामुळे गावाला अर्धंच गणित दिसतं आणि त्या अर्ध्यात मासा दरवेळी पास होतो.

"मग त्या बायकांनी बोलायला पाहिजे," वहिनी म्हणाली.

आम्ही दोघी निघालो. ज्या घरी पाळण्यात मुलगी आणि परसात काठी वाजलेली, त्या घरी. चहा मिळाला, पोहे मिळाले, पण एक बाई कबूल होईना. एकीने तर माझ्या हातात तिची तान्ही देऊन सांगितलं की आमच्याकडे मासे शिजतच नाहीत, आणि मागे चुलीवर मासेच शिजत होते.

कारण मला ठाऊक होतं. चैत्रातल्या यात्रेत वाघजाईची पालखी डोहात उतरते. उतरण्याआधी गुरव पाण्यात गुडघाभर उभा राहून गावाला विचारतो, "डोहाचं कुणी काय घेतलंय का?" गाव एका आवाजात ओरडतं, "न्हाय!" मग पालखी पाण्याला लागते. ज्याने घेतलं असेल त्याच्या घराचा खांदा पालखीवरून उतरतो, पिढ्यांचा मान जातो. पुढचा उजवा खांदा आमचा, शेडग्यांचा. दादा वर्षभर त्या एका दिवसासाठी जगतो असं म्हटलं तरी चालेल.

"मी बोलेन," वहिनी म्हणाली. "यात्रेत."

"आणि तुला मुलगा झाला तर?"

"तर मग मी पेढे खाईन, आणि तुम्ही दुसरी बाई शोधा." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पण ताई, एक लक्षात ठेवा. मी डोहासाठी नाही बोलणार. मला पहिली मुलगी आहे. अन्वी. ती सगळं ऐकते. परवा तिने मला विचारलं, मी झाले तेव्हा तू मासा खायला विसरली होतीस का."

माघात वहिनी बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी हसले आणि रडलेही. त्या आनंदातला निम्मा भाचीचा होता आणि निम्मा विज्ञानाचा, आणि या दुसऱ्या निम्म्याची मला लाज वाटली. आईने सगळं रीतीप्रमाणे केलं. शेक दिला, डिंकाचे लाडू वळले, बाळंतकाढा उकळला. फक्त बाळाला मांडीवर घेतलं नाही. अंघोळीला बाई लावली. बाळ रडलं की म्हणायची, "मयूरी, बघ गं तिला," आणि दुसऱ्या खोलीत जायची.

यात्रेच्या आदल्या दिवशी वहिनीने दादाला सांगितलं. दादा माझ्याकडे आला.

"सानू, तू तिला सांग. तिच्या जागी तू बोल. तू सायंटिस्ट हाईस, तुला कोन काय म्हणणार न्हाय."

"मी खाल्ला नाही दादा."

"आबांचा खांदा हाय तो. आबांच्या आबांचा."

"माहीत आहे."

"आन् म्या काय करू उद्या? कुठं उभा ऱ्हाऊ?"

मला त्याची दया आली. मी म्हटलं, "तिच्या शेजारी राहा." तो निघून गेला.

चैत्रातलं ऊन सकाळीच तापलं होतं. डोहाच्या दोन्ही काठांवर माणसंच माणसं, मुंबई-पुण्याहून आलेली, झाडांवर चढलेली. पालखी काठावर आली. पुढच्या उजव्या खांद्यावर दादा होता. ढोल थांबले. तात्या पाण्यात उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले. खडशी त्यांच्या पायांशी फिरत होत्या. त्यांनी हात वर केले.

"डोहाचं कुणी काय घेतलंय का?"

गावाने श्वास घेतला.

"व्हय!"

वहिनीने तो शब्द आमच्या बोलीत म्हटला, एरवी ती तसं बोलत नाही. बाळ तिच्या खांद्यावर होतं, अन्वीने तिचा पदर धरला होता. "घेतलंय. टिळ्याचा मासा. मुलगा व्हावा म्हणून मी खाल्ला. आणि ही बघा, मुलगी झाली."

पाण्यात माशाने शेपटी मारल्याचा आवाज आला. मग दादाने मागच्या माणसाला काहीतरी सांगितलं, दांडी त्याच्या खांद्यावर दिली, आणि बाजूला झाला. कुणी सांगायच्या आत. येऊन वहिनीच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने अन्वीला कडेवर घेतलं.

"एका घरचं झालं म्हणून सगळ्यांचं तसंच न्हाय," गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "खाल्ला आसंल चुकीचा!"

"मयूरीनं कुठं घेतला?" हा आवाज आईचा होता.

आई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. "ती काय डोहात उतरली व्हती? म्या आणला मासा. म्या रांधला. तिला नगं व्हता, म्या बसून चारला. देवीचा मासा म्या मारला." ती वहिनीपाशी गेली आणि तिने हात पुढे केले. वहिनीने क्षणभर बघितलं, मग बाळ दिलं. आईने नातीला पहिल्यांदा घेतलं, नीट मान सांभाळून घेतलं, आणि गावाकडे वळली. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज खणखणीत होता.

"माझ्या सानूनं मला आधीच सांगितलंवतं, माशानं काय व्हत न्हाय. म्या ऐकलं न्हाय. माझ्या घरात मासा शिजला आन् ही आली. आता सांगा, कुणाकुणाच्या घरात शिजला आन् कोन आलं? सुर्वेबाई, तुमच्यात पोरगा आला, तुम्ही बसा खाली. बाकीच्या बोला."

मग पलीकडच्या काठावरून एक बाई उभी राहिली. तीच, मागे मासे शिजत असताना नाही म्हणालेली. तिने तिची तान्ही दोन्ही हातांनी वर उचलून धरली. तिच्या मागे तळ्याखालच्या मोहित्यांची धाकटी सून उठली. मग मास्तरांची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. मग दोघी एकदम. एका सासूने सुनेचा हात धरून तिला खाली ओढलं, सुनेने हात सोडवून घेतला. सरपंचांच्या घरातून तर सरपंचांची आईच काठी टेकत उठली आणि म्हणाली, "आमच्यात दोनदा शिजला. जुळ्या झाल्या."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. मग हसण्याची लाट त्या काठावरून या काठावर आली, आणि त्या हसण्यात टिळ्याचा मासा गेला. माझ्या गुणसूत्रांच्या सगळ्या व्याख्यानांनी जे झालं नव्हतं ते त्या हसण्याने झालं. मी वाळूत उभी राहून डोळे पुसत होते आणि काठावर उचलून धरलेल्या पोरी बघत होते. इतकी वर्षं गावाच्या गणितातून गळलेला अर्धा भाग माझ्यासमोर उन्हात उभा होता.

पंचाईत पालखीची झाली. कबुली दिलेल्या घरांचे खांदे एकेक करत उतरत गेले आणि पालखीला माणसं पुरेनात. तात्या पाण्यात उभे राहून इकडेतिकडे बघत राहिले. पोथीत याला उत्तर नव्हतं आणि त्यांच्या वडिलांनीही ते सांगून ठेवलेलं नव्हतं.

"ठेवा पालखी खाली," शेवटी ते म्हणाले. "देवीला बघू द्या जरा. मग ज्यांनी खरं सांगितलं त्येंनीच उचला. तिला काय उन्हात बसवायचीया का आता?"

वादावादी झाली, होणारच. दोन म्हातारे रुसून घरी गेले. पण पालखी पाण्याला लागली. पुढचा उजवा खांदा रिकामा होता. दादा पुढे झाला नाही, त्याच्या कडेवर अन्वी झोपली होती. वहिनी गेली. तिला उंची पुरेना, तेव्हा तिने दांडी हातांनी तोलून धरली. आई बाळाला घेऊन काठावर बसली होती आणि बाळाच्या तळपायाला डोहाचं पाणी लावत होती.

यात्रेनंतरच्या आठवड्यात मी शेवटची खेप सोडली, भर दुपारी, सगळ्यांसमोर. कपाळावरचा नारिंगी ठिपका तसाच ठेवला, लपवायचं काही उरलं नव्हतं. बायका धुणं आपटता आपटता बघत होत्या. एकीने विचारलं, हे किती दिवस जगतील? मी म्हटलं, म्हातारे होईपर्यंत. ती म्हणाली, जगू द्या की.

जुनी टाळकी चिपांसकट उकरून काढली आणि मग मी काठी घेऊन महिना-महिन्याने गावातून फिरत राहिले. परड्यांतून, उकिरड्यांवरून, केळींखालून, नव्या बंगल्यामागून. काठी कुठेच वाजली नाही. ती डोहावर वाजत होती.